भाताचं संत्रं

काका : बोल ना रे, आणखी काहीतरी बोल! पाहून राहिला तो तुझ्याकडे. मान वाकडी करून पाहून राहिला.

चिन्मय : सगळं बोललो, काका. आईला सांभाळीन बोललो. घर विकणार नाही बोललो. वर्षश्राद्ध काटोललाच करू, तेही बोललो.

आई : लग्नाचं पण बोललास.

चिन्मय : ते तू बोललीस. माझ्या वतीने.

काका : कोणी का बोलेना, कावळ्याच्या कानावर पडल्याशी मतलब.

(गढमुक्तेश्वरचा गंगाघाट. पौषातली सकाळ, आणि धुकं असं की पलीकडचा काठ देवालाच ठाऊक. आज विनायकरावांचा दहावा. पायरीवर केळीचं पान, पानावर भाताचा पिंड, शेजारी त्यांच्या आवडीचं चार घास खाणं, काटोलच्या संत्र्याच्या फोडीसकट. पानापासून दहा पावलं मागे तिघं उभे : मुलगा चिन्मय, डोक्याचा नुकताच गोटा केलेला, थंडीने कुडकुडतोय, त्याची आई अलकनंदा, आणि काटोलहून आलेले विनायकरावांचे धाकटे भाऊ, सूर्यकांतकाका. गुरुजी 'आलोच' म्हणून चहाला गेलेत. समोर बांधलेल्या नावेच्या टोकावर एकुलता एक कावळा बसलाय, आणि तो काही केल्या हलायचं नाव घेत नाही.)

काका : दिल्लीला कावळेच नाहीत म्हणून एवढ्या दूर आलो न बाप्पा! गाडीत बसून कंबर मोडली. आणि इथे येऊन हा एकच, तोही असा अडेल.

आई : दिल्लीला सगळी कबुतरं. आमच्या इंदिरापुरमच्या बाल्कनीला जाळी मारलीय ती त्यांच्यासाठीच. हे रोज सकाळी पेपरची सुरळी करून हाकलायचे. म्हणायचे, आमच्या मंत्रालयातून रिटायर होऊन आलीत ही, दिवसभर नुसती घुमतात, फाइल एक हलत नाही.

काका : दादाच बोलू शकतो असं.

आई : बोलायचे.

काका : हो. बोलायचा.

चिन्मय : तो पलीकडचा पंडा मघाशी मला विचारत होता, भाईसाहब, किसका इंतज़ार है? मी म्हटलं, कौवे का. तो हसला यार. म्हणाला, हमारे यहाँ तो निकालके रख देते हैं, जिसको आना है आए, जिसको खाना है खाए.

आई : त्यांचं बरं आहे. वाट बघायची नाही, म्हणजे अपमानही नाही.

काका : वहिनी, असं नका बोलू. येईल तो. आमच्या बाबांच्या वेळी तर ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी दादा पुढे झाला, म्हणाला, बाबा, बागेतल्या विहिरीचा वाद मी मिटवतो, सूर्यकांतला काही बोलणार नाही. तिकडे तो बोलला आणि इकडे दोन कावळे एकदम! म्हणजे काहीतरी अडकलेलं असते माणसाचं. ते मोकळं केलं की येतो. तुम्ही आठवा जरा. दादाचं काय राहिलं?

आई : काय राहणार? काशीबिशी नको होतं. देवाचं फारसं नव्हतंच त्यांचं. पेन्शनचं सगळं मार्गी लावलं होतं, गॅसच्या सिलिंडरपर्यंत. हां, एक. पानिपतला जायचं राहिलं.

काका : पानिपतला?

आई : काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला. दर संक्रांतीला महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसं येतात तिथे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून म्हणायचे, चलो, या वेळी जाऊन येऊ, दोन तासांचा तर रस्ता आहे. जवळ होतं म्हणून राहिलं. लांब असतं तर गेलो असतो.

काका : मग झालं तर! दादा! ए दादा! या संक्रांतीला आम्ही पानिपतला जातो. मी स्वतः जातो. ये आता!

चिन्मय : नाही हलला.

काका : थांब जरा. विचार करून राहिला असेल.

चिन्मय : तुम्ही उगाच शोधताय, काका. मला माहितीय का येत नाही.

काका : का?

चिन्मय : भात माझ्या हातचा आहे.

काका : काहून रे असं बोलून राहिला? पोराच्या हातचा नाही तर कोणाच्या हातचा असणार पिंड? आणि काय सुरेख केला तू! मी पाहिलं न. एकाच हाताने वळला, एक शीत खाली पडलं नाही. गुरुजी पण पाहतच राहिले.

चिन्मय : त्यांनी विचारलं मला. आधी कधी केलंय का?

काका : मग?

चिन्मय : मी म्हटलं, रोज करतो.

आई : चिन्मय!

चिन्मय : खोटं आहे का? गुडगावला रोज संध्याकाळी तेच करतो मी. भात शिजवायचा, परातीत पसरून गार करायचा, हाताला पाणी लावायचं आणि गोळे वळायचे. गुरुजींनी भात समोर ठेवला ना, तर माझ्या हातांनी आपोआप केलं. मला रडूसुद्धा आलं नाही. मी बघत होतो गोल नीट झाला की नाही. बापाचा पिंड, आणि मी प्लेटिंग बघत होतो!

काका : वहिनी, हा काय बोलून राहिला, मला तर काही समजून नाही राहिलं.

आई : काही नाही हो भाऊजी. दमलाय तो. रात्रभर जागा होता.

चिन्मय : सांग ना त्यांना. नाही सांगत? मी सांगतो. काका, मला रेस्टॉरंटात नोकरी लागली तेव्हा पहिल्या महिन्यात मी घरी एक डबा घेऊन गेलो होतो. स्वतः बनवलेला. शेफने पहिल्यांदा मला एकट्याला करायला दिलं होतं, म्हणून एवढा खूश होतो मी. मेट्रोत डबा मांडीवर धरून बसलो, गरम राहावा म्हणून जॅकेटच्या आत. घरी आलो. बाबा जेवायला बसत होते. मी पानात वाढले, दोन. वरून सॉस-बिस काही नाही, साधे.

काका : काय वाढलं?

चिन्मय : भाताचे गोळे. तळलेले. इटलीचा पदार्थ आहे. आत चीज, मटार असतात, बाहेरून ब्रेडचा चुरा लावतात. बाबांनी बोटाने एक फोडला. आत भात बघितला. मग ताट सरकवलं आणि म्हणाले, भाताचे गोळे माणूस गेल्यावर वाढतात. मी अजून आहे.

काका : अरेरे.

चिन्मय : बस. एवढंच. ओरडले नाहीत, काही नाही. आईला म्हणाले, दहीभात आहे का?

आई : ते त्या अर्थाने नव्हते म्हणाले रे.

चिन्मय : मग कुठल्या अर्थाने?

आई : त्यांना लागलं होतं. तू सरकारी नोकरीची परीक्षा सोडलीस ते. फॉर्म भरून, क्लास लावून, दोन वर्षं करून मध्येच सोडलीस. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसले होते. आणि बोलायला गेले की तोंडातून असंच वाकडं निघायचं. जन्मात त्यांना सरळ बोलता आलं नाही. माझ्याशी तरी कुठे आलं?

चिन्मय : वाकडं एकदा निघतं, आई. नंतर? नंतर कधी खाल्लं माझ्या हातचं? दिवाळीला मी घरी असायचो. मी पोहे केले तर त्यांचं पोट बरं नसायचं. मी चहा केला तर त्यांचा आत्ताच झालेला असायचा. बहाणेसुद्धा सरकारी, रोज तेच! शेवटी मी करायचंच सोडलं. लोक माझ्या हातचं खायला दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून येतात, आणि घरी मी पाणी ओतून घ्यायचो फक्त. आणि शेवटी दवाखान्यात नळी. मी सिस्टरला म्हटलं, पेज करून आणतो, पातळ, गाळून. त्या म्हणाल्या, अलाऊड नहीं है. म्हणजे ते पण गेलं.

काका : हे मला कोणी सांगितलंच नाही कधी.

चिन्मय : सांगायला काय आहे? जिवंतपणी ज्याच्या हातचा घास घेतला नाही, त्याच्या हातचा आता घेतील? तुम्हीच सांगा. तो बसलाय ना तिथे, तो बरोबर बसलाय. बाबाच आहेत ते. आत्ता म्हणतील, दहीभात आहे का?

आई : खाल्ला होता त्यांनी.

चिन्मय : काय?

आई : त्या रात्री. उठून स्वयंपाकघरात गेले. मी बघितलं. उभ्याने खाल्ला एक. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस.

काका : पाह्य! पाह्य, मी म्हटलं न! दादा तसा नव्हताच—

चिन्मय : आई, डबा तर तू कामवाल्या द्वारकाला दिलास. मी दारात बूट घालत होतो तेव्हा. तिच्या मुलांसाठी. सगळा दिलास.

आई : तिची मुलं लहान होती रे.

चिन्मय : आई.

आई : हो. दिला.

चिन्मय : मग?

आई : मग काय? बोलले खोटं. तुझ्याकडे बघवत नाहीये मला.

काका : असू दे, असू दे. ती आई आहे रे.

चिन्मय : तूही नव्हतास खाल्ला.

आई : मी?

चिन्मय : हो, तू. बाबांचं सोड. तूही नाही खाल्लास. एक तुकडा मोडून तोंडात टाकला नाहीस. मी तुझ्याकडे बघत होतो, बाबांकडे नाही.

आई : त्यांनी ताट सरकवलेलं, आणि मी समोर बसून खाऊ?

चिन्मय : का नाही?

आई : तुला नाही कळायचं. आमचं नाही होत तसं. त्यांनी नाही म्हटलं की माझ्याही घशाखाली उतरायचं नाही. प्रेम म्हण, सवय म्हण, भीती म्हण. संसारात ते वेगळं काढता येत नाही.

काका : अरे हाड्! हाड्!

चिन्मय : काय झालं?

काका : कबुतर! मेलं इथेही आलं. पिंडावर बसत होतं न! वहिनी, कबुतर शिवलं तर चालते का?

आई : मला काय विचारता? गुरुजींना विचारा.

काका : ते चहाला गेले ते तिकडेच मेले. नाही, नाही, असं नाही बोलायला पाहिजे इथे. चिन्मय, त्याचं नाव काय म्हणाला तू? त्या गोळ्यांचं?

चिन्मय : आरांचीनी.

काका : आरां—?

चिन्मय : आरांचीनी. एक असला की आरांचीनो. आणि तिथेच दुसऱ्या गावात आरांचीना म्हणतात. तो म्हणायचं की ती, यावरून दोन गावांचं भांडण आहे. आमच्याकडे इटलीचा एक म्हातारा शेफ आला होता शिकवायला. त्याच्यासमोर कोणी 'आरांचीनो' म्हटलं की चिडायचा.

काका : आणि अर्थ काय त्याचा? का नुसतंच नाव?

चिन्मय : आहे ना अर्थ. छोटं संत्रं.

काका : काय म्हणाला?

चिन्मय : छोटं संत्रं. तळल्यावर रंग तसा येतो, आकार तसा. म्हणून.

काका : संत्रा?

चिन्मय : हो.

काका : म्हणजे आत संत्रा असते?

चिन्मय : नाही. नाव संत्र्याचं, आत भात.

काका : अरे माझ्या देवा! वहिनी, ऐकलं का? संत्रा! अरे, तू दादाच्या ताटात संत्रा वाढला आणि सांगितलंच नाही? काटोलच्या माणसाला? ज्याचं सगळं लहानपण त्या बागेत गेलं त्याला? आमच्या आजोबांनी लावलेली झाडं दादाने पोरपणी बादलीने पाणी घालून जगवली. दिल्लीला नोकरी लागली तेव्हा गाडीत बसून रडला तो. आईसाठी नाही रडला, बागेसाठी रडला! दर डिसेंबरला मी पेटी पाठवायचो. आली का, आली का म्हणून त्याचा रोज फोन.

आई : पेटी आली की शेजारीपाजारी, गार्ड, लिफ्टवाला, सगळ्यांना बोलावून वाटायचे. खा म्हणायचे, हे आमचं आहे. आणि आमचं भांडण. ते 'तो संत्रा' म्हणायचे, मी 'ते संत्रं' म्हणायचे. पुण्याची तू, तुला फळाची काय अक्कल, म्हणायचे. लग्न झाल्यापासून तेवढ्या एका गोष्टीवर मी माघार घेतली नाही.

काका : बरोबरच होतं त्याचं. संत्राच आहे तो.

आई : भाऊजी!

चिन्मय : मला सोलून द्यायचे. एकेक फोड. वरचे पांढरे दोरे सगळे काढून. दाढी आली मला तरी द्यायचे. टीव्ही बघता बघता हात पुढे करायचे, बघायचे नाहीत माझ्याकडे. मी घ्यायचो.

काका : मग बोलायचं न रे तेव्हा! एवढंच म्हटलं असतं, बाबा, हा संत्रा आहे भाताचा, इटलीवाले असं म्हणतात, तर दादाने कौतुकाने खाल्ला असता. दोन काय, डबा खाल्ला असता.

चिन्मय : मला माहीतच नव्हतं.

काका : काय माहीत नव्हतं?

चिन्मय : अर्थ. तेव्हा मला कोण सांगणार अर्थ? नवीन होतो मी. ऑर्डरच्या टिकिटावर नाव यायचं, आम्ही करायचो. बाकी पोरं तर त्याला 'गोला' म्हणायची, दो गोला निकाल. अर्थ नंतर कळला. त्या म्हाताऱ्याने सांगितला. डिसेंबर होता. त्यांच्याकडे एका देवीचा दिवस असतो, म्हणजे संत बाई कोणीतरी. त्या दिवशी तो ब्रेडला शिवला नाही, पास्त्याला नाही. म्हणाला, आज आम्ही पीठ खात नाही. फार पूर्वी दुष्काळ पडला होता, मग धान्याचं जहाज आलं, आणि लोकांना दळायचाही धीर नव्हता, तसंच शिजवून खाल्लं. म्हणून त्या दिवशी सगळं गाव हेच खातं.

आई : म्हणजे उपासच की.

चिन्मय : हो. उपासाचं तळण. मग त्याने सगळंच सांगितलं, आणि आम्ही ऐकत उभे. तांदूळ त्यांचा नाही, संत्रंही त्यांचं नाही. दोन्ही अरब लोकांनी नेलं तिकडे. ते भातात केशर घालायचे, मधे मटण ठेवायचे, आणि हाताने मूठ वळून खायचे. चुरा लावून तळायचं नंतर आलं. असं म्हणतात की एक राजा होता, त्याला शिकारीला जाताना भात न्यायचा असायचा. मोकळा भात कसा नेणार? मग गोळा करून, वरून कवच करून तळून दिला. वाटेत सांडू नये, खराब होऊ नये. खरं-खोटं माहीत नाही. म्हातारा म्हणाला, आमच्याकडे प्रत्येक पदार्थाला एक राजा लागतोच.

काका : म्हणजे शिदोरी झाली ती.

चिन्मय : काय?

काका : शिदोरी रे. वाटेत खायला देतात ते.

चिन्मय : हां. शिदोरी.

आई : हाही तोच आहे.

चिन्मय : कोण?

आई : तो पानावरचा. दहा दिवस चालायचं असतं म्हणे त्यांना. वाटेत दुसरं काही मिळत नाही. म्हणून मुलाने भात करून द्यायचा.

काका : मग अर्थ कळला तेव्हा तरी फोन करायचा होता दादाला.

चिन्मय : करणार होतो. आईची शपथ, करणार होतो. त्याच रात्री मोबाइल हातात घेतला होता. मग वाटलं, फोनवर काय सांगायचं, बाबा म्हणतील, बरं, आणि आईकडे देतील. घरी जाऊ, पेटी आलेली असेल, ते संत्रं सोलत असतील, तेव्हा सांगू. मनात सगळं जमवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची ते. त्या डिसेंबरला सुट्टी नाही मिळाली. पुढच्या डिसेंबरला गेलो, तर त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, मग मीही नाही सांगितलं. म्हटलं, जाऊ दे. नाही तर नाही. आणि मग ते आजारीच पडले. काका, एवढीशी गोष्ट होती. एका मिनिटाची.

काका : मग आता सांग.

चिन्मय : कोणाला?

काका : त्याला. बसला आहे न समोर. एवढं सगळं बोललो आपण, घर, लग्न, पानिपत, ते त्याला नकोच होतं. हेच अडकलं असेल. सांग.

चिन्मय : काका, प्लीज. कावळा आहे तो.

काका : मला समजते तो कावळा आहे. तू सांग.

आई : सांग रे. कोणी हसत नाही इथे.

चिन्मय : बाबा...

काका : मोठ्याने.

चिन्मय : बाबा, ते तुम्ही सरकवलेलं ना, त्याला आरांचीनी म्हणतात. म्हणजे छोटं संत्रं. छोटा संत्रा, तुमच्या भाषेत. मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आधी नाव सांगितलं असतं, मग वाढलं असतं. मी तुम्हाला मेलेल्याचं नव्हतं वाढलं, बाबा. मी... मी पहिल्यांदा काहीतरी धड केलं होतं. तुम्हाला दाखवायला आणलं होतं. तुम्ही अर्धी फोड जरी खाल्ली असती. हा आजचा पण मीच केलाय. चांगला झालाय. मऊ आहे. बाबा, खा ना. एकदा खा.

काका : उठला.

आई : हलू नका कोणी.

काका : उठला, उठला! येऊन राहिला! मागे सरक, चिन्मय, मागे!

आई : आला. पायरीवर आला.

काका : पानावर आला! अरे शिवला! शिवला रे! दादा! शिवला! वहिनी, पाहिलं का? उचललं, घेऊन गेला! मी म्हटलं न, मोकळं केलं की येतो! सुटला माझा भाऊ, सुटला!

चिन्मय : काका.

काका : हात जोड, अरे हात जोड!

चिन्मय : काका, नीट बघा. पिंड तसाच आहे.

काका : कसा तसाच? मी माझ्या डोळ्यांनी—

चिन्मय : त्याने संत्रं नेलं. तुम्ही ठेवलेलं काटोलचं. सोललेली फोड नेली. भाताला चोच लावली नाही.

काका : अरे, पान तर एकच आहे न! पानाला शिवला म्हणजे पिंडाला शिवला. गुरुजींना सांगायचं शिवला म्हणून. कोणाला काय समजते?

चिन्मय : मला समजतं.

आई : भाऊजी, राहू द्या.

काका : पण वहिनी—

आई : राहू द्या म्हणते ना.

चिन्मय : एवढं बाजूला होतं. चार बोटांवर. पिंडाला वळसा घालून गेला, बघितलंस ना तू? वळसा घालून. मला वाटलं होतं... म्हणजे मला माहितीय, पक्षी आहे, त्याला गोड आवडलं असेल. तरी मला वाटलं होतं, आता तरी. कोणी बघत नाही, ऑफिसात कोणाला कळणार नाही. एकदा.

काका : रडू नको रे, बाळा. रडून घे. नाही, रडून घे तू. ते पाह्य, गुरुजी आले. दर्भ घेऊनच येऊन राहिले. दर्भाचा कावळा करून लावतात, ते चालते. शास्त्रात आहे. पुष्कळांचं होते असं, दिल्लीत तर सगळ्यांचंच होत असेल.

चिन्मय : शास्त्रात असेल. पण गवताला भूक नसते ना, काका.

काका : मी जातो, गुरुजींना सांगतो जरा सबुरीने घ्या म्हणून. त्यांना दुसरीकडे जायचं आहे, घाई करतील. वहिनी, याला घ्या जवळ.

आई : ये इकडे. डोक्यावर हे घे. ओल्या डोक्याने वारं लागेल.

चिन्मय : तू घे, तुझी शाल आहे.

आई : घे म्हणते ना. चिन्मय, तुझ्या त्या पदार्थाला तांदूळ कुठला लागतो?

चिन्मय : आत्ता काय त्याचं?

आई : सांग तरी.

चिन्मय : जाडा. चिकट होणारा. बासमती नाही चालत.

आई : घरी आंबेमोहोर आहे. तुझ्या कुसुमावतीमावशीने पुण्याहून पाठवलेला. चालेल?

चिन्मय : चालेल. पण कशाला?

आई : ब्रेडचा चुरा आणावा लागेल. आणि चीज. सोसायटीच्या खालच्या दुकानात मिळतं.

चिन्मय : आई, सुतक आहे. तळण नाही चालत.

आई : तेराव्याला चालतं. तेराव्याला वडे तळावेच लागतात, त्याच कढईत होतील. सूर्यकांतभाऊजी बोलतील काहीतरी, बोलू देत. मी आजवर कोणाच्या पुढ्यात एकटीने खाल्लं नाही. त्यांच्याआधी नाही, त्यांना नको असलेलं नाही. तू बघत होतास ना माझ्याकडे त्या दिवशी? मला माहीत होतं तू बघतोयस. म्हणून तर मी मान वर केली नाही.

चिन्मय : जाऊ दे ना आता.

आई : नाही जाऊ देत. ते गेले ते पुरे झालं. मी अजून आहे, चिन्मय. मला वाढ.

चिन्मय : किती करू?

आई : मला एक पुरे. नाही, दोन कर. त्यांच्या वाटचाही मीच खाईन, कावळ्याची वाट बघत बसणार नाही. काय म्हणालास नाव?

चिन्मय : आरांचीनी.

आई : आधी नाव सांग, मग वाढ. अर्थासकट सांग. चल, गुरुजी बोलावतायत, उचल तो पिंड, पान धरून. नीट. दोन्ही हातांनी.

चिन्मय : उचलला.

आई : आणि माझा गरम वाढ हं. हा बघ, किती गार पडलाय.